देवानं केली की माणसानं?

कोल्हारच्या पुलावरून आपण कितीदा तरी जातो-येतो. एका तोंडाला राहुरी आणि नगर, दुसऱ्या तोंडाला राहाता, शिर्डी, कोपरगाव आणि पुढे येवला, मनमाड. खाली प्रवरा. आपल्याला हा रस्ता म्हणजे ट्रकांची गर्दी, उसाच्या ट्रॉल्या आणि खड्डे. पण याच रस्त्याच्या कडेनं गेली दोनशे वर्षं एक प्रश्न हिंडत आलाय. जात देवानं केली की माणसानं? आणि माणसानं केली असेल, तर देवाचं नाव घेणाऱ्यांनी तिचं काय करायचं?

आज मी ख्रिस्ती धर्मविचाराबद्दल बोलणार आहे. पाळक लोक त्याला ईश्वरविज्ञान म्हणतात. शब्द ऐकला की वाटतं, हे काही आपलं काम नाही, हे सेमिनरीत शिकलेल्या पुरुषांचं. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास बघितला, तर ही चर्चा जेवढी पुस्तकात झाली त्याहून जास्त पाण्याच्या घागरीवर आणि चुलीपाशी झालेली दिसते. आपल्या गटांत हिंदू बाया आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कुणी कुणाचा धर्म घ्यावा म्हणून हे बोलणं नाही. आपल्याच पाणवठ्यावर घडलेली गोष्ट आहे, म्हणून सांगते.

सुरुवात नगर शहरापासून. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ च्या डिसेंबरात त्यांनी नगरला ठाणं मांडलं. त्यांतल्या एका बाईचं नाव आपण लक्षात ठेवायला हवं: सिंथिया फॅरार. लग्न न केलेली, एकटी. १८२७ मध्ये ती जहाजानं मुंबईत उतरली. अमेरिकेतून मिशनकामासाठी परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित बायांपैकी ती एक. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. मधली सगळी वर्षं तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी नगरची तिची शाळा पाहिली आणि पुण्याला जाऊन मुलींची शाळा काढली, ते साल १८४८. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे. सावित्रीबाईंचा फोटो आपल्या प्रत्येक गटाच्या बैठकीत असतो. त्या फोटोमागं नगरचा हा धागा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याचा मान आहे असं मी म्हणते.

जोतिराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. सगळ्यांना निर्माण करणारा तो 'निर्मीक', असा आपला स्वतःचा शब्द त्यांनी काढला. म्हणजे प्रश्न तिकडून घेतला, उत्तर मात्र स्वतः शोधलं.

तो प्रश्न छापील कागदावर सगळ्यात धारदारपणे कुणी मांडला असेल, तर एका चौदा वर्षांच्या मुलीनं. मुक्ता साळवे तिचं नाव. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. ज्ञानोदय हे ख्रिस्ती पत्र, १८४२ मध्ये आपल्या नगरलाच सुरू झालेलं, पुढे मुंबईला गेलेलं. मुक्तानं विचारलं ते थोडक्यात असं: वेद वाचायचा हक्क आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, ते देवानंच सांगावं. बघा, तिनं जमीन मागितली नाही की पैसा मागितला नाही. तिनं थेट देवाला जाब विचारला. ही मुलगी ख्रिस्ती नव्हती. पण तिचा प्रश्न छापायला जागा दिली ती ख्रिस्ती पत्रानं. ईश्वरविचार सार्वजनिक आयुष्यात कसा उतरतो, त्याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

आता मंडळीच्या आत काय चाललं होतं ते बघू. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन असतं. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं, त्याची आठवण. भाकर मोडून सगळ्यांना वाटायची, द्राक्षरस सगळ्यांनी घ्यायचा. ऐकायला साधं आहे. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नगर जिल्ह्यात उभ्या राहा आणि मग विचार करा. १८३९ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती नावाच्या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच मंडळीत महार समाजातली माणसं होती. एकाच पंगतीला, एकाच पेल्याला. ज्या काळात सावली पडली तर आंघोळ करायचे, त्या काळात ही गोष्ट काय होती, हे कुठल्याही व्याख्यानानं समजणार नाही. देव सगळ्यांचा बाप आहे असं तोंडानं म्हणणारे भरपूर होते आणि आहेत. मग आपण भावंडं, आणि भावंडं एका ताटात जेवतात, हा पुढचा हिशोब ती पंगत करायला लावत होती. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच शिकवलेलं आहे: ख्रिस्तात आल्यावर वंशाचा, गुलाम-मालकाचा, बाई-पुरुषाचा भेद टिकत नाही.

खेड्यांत मात्र चित्र वेगळं झालं. आपल्या भागातल्या वाड्या-वस्त्यांवर जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. शाळा महारवाड्यात भरायची आणि प्रार्थना त्याच खोलीत व्हायची. गावात त्यांचं स्थान बदललं का? थोडं बदललं. पोरं वाचायला शिकली, काही शिक्षक झाली, काही नर्स. पण पाणवठा तोच राहिला आणि वस्तीही गावकुसाबाहेरच राहिली. गावानं त्यांचा नवा देव मान्य केला, पण त्यांना जुन्या जातीतून सोडलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सरकारी कागदाची गोष्ट सांगताना ते लागेल.

आता मी लक्ष्मीबाई टिळकांकडे येते आणि इथं जरा बसते, घाई करत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिक जिल्ह्यातल्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं. वडिलांना सोवळ्याचं वेड इतकं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, फिरस्ते, रागीट आणि मायाळू, सगळं एकदम. १८९५ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला आधी सांगितलंसुद्धा नाही. ही गोष्ट मला टिळकांच्या बाजूनं काही केल्या सांगता येत नाही. देवासाठी केलं म्हणा, पण घरातली बाई त्यात कुठं होती? नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना आणि त्यांच्या लहान मुलाला आपल्याकडे ठेवलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मग त्या नवऱ्याकडे आल्या, पण धर्म सोडून नाही. आपली चूल वेगळी आणि पाणी वेगळं. नवऱ्यानं शिवलेलं अन्न खायचं नाही. एकाच घरात दोन संसार चालले होते म्हणा.

टिळकांनी जबरदस्ती केली नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. आणि मग नगर-राहुरीच्या त्या दिवसांत लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसल्या. त्यांच्या आठवणींचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आहे, त्यात त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलंय. त्यांचा विचार असा चालला की, जाती देवानं केल्या असत्या, तर जनावरांत जसा गाय आणि घोडा यांत फरक दिसतो, तसा माणसांच्या अंगावर दिसला असता. तसा तर दिसत नाही. म्हणजे हे माणसाचं काम. आणि माणसाचं असेल, तर मी ते कशाला पाळू? झालं. कुठलं पुस्तक नाही, कुठला पाळक नाही. त्यांनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आधी हे केलं, मग पुढे बाप्तिस्मा घेतला.

मैत्रिणींनो, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्म बदलला म्हणून त्यांची जात सुटली असं झालं नाही. आधी जात सुटली. सोवळ्यात वाढलेल्या बाईनं डोळ्यांनी बघून, डोक्यानं तपासून हा निकाल लावला. मोठमोठ्या पंडितांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते. आणि त्या काही शिकलेल्या नव्हत्या. वाचायला येत होतं, पण जोडाक्षरं लिहायची म्हणजे अडचण. तरी स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागानं छापलं गेलं आणि मराठीतलं पहिल्या रांगेतलं पुस्तक ठरलं. १९३६ मध्ये त्या गेल्या. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं होतं, ते १९१९ मध्ये ते वारले तेव्हा अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं कुणी? जोडाक्षरं अडणाऱ्या याच बाईनं.

टिळकांच्या विचाराबद्दलही दोन शब्द सांगते, नाहीतर अन्याय होईल. ते म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून येशूकडे आलो. ख्रिस्ती होण्यासाठी साहेब व्हायला लागत नाही, ही त्यांची ठाम समजूत. भजन, अभंग, कीर्तन, टाळ-मृदंग हे सगळं त्यांनी उपासनेत आणलं. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात त्यांच्या आधीच नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी केली होती. आज आपल्या भागातल्या कुठल्याही देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, जा. टिळकांची गाणी म्हटली जातात आणि म्हणणाऱ्या बाईला ती भजनासारखीच वाटतात. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा. स्वराज्याचे दिवस होते. देश आपला, तर देवळाचा कारभारही आपल्या हाती हवा, असा तो विचार.

याच नगरमध्ये आणखी एक भांडण झालं आणि ते थेट अमेरिकेपर्यंत गेलं. ते आज फारसं कुणाला ठाऊक नाही. रॉबर्ट ह्यूम नावाचे मिशनरी होते. जन्म मुंबईचा, १८४७ चा. नगरला त्यांनी पाळकांसाठी धर्मशिक्षणाची शाळा काढली, पुढे टिळकही तिथं शिकवायचे. आता तुम्ही मला सांगा, एखाद्या बाईला कुणी सांगितलं की येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, तर ती पहिला प्रश्न कोणता विचारेल? माझी आजी, पणजी, सासूबाई, ज्यांनी हे नाव ऐकलंच नाही, त्या कुठं गेल्या? ज्या देशात पितरांना दरवर्षी पान वाढतात, त्या देशात हा प्रश्न येणारच. जुन्या मताचे मिशनरी सांगायचे की त्या गेल्या नरकात. ह्यूम १८८६ मध्ये सुटीवर अमेरिकेत होते. तिथं त्यांनी उघडपणे सुचवलं की ज्यांना या जन्मी ऐकायलाच मिळालं नाही, त्यांना देव मरणानंतरही संधी देईल, असं मानायला जागा असावी. मोठा गहजब झाला. त्यांना भारतात परत पाठवायचं की नाही यावरच मंडळाची बैठक अडली. अखेर १८८७ मध्ये त्यांना परत येऊ दिलं.

यात सार्वजनिक काय, असं कुणी विचारेल. तर बघा, शेजारणीचे पूर्वज नरकात गेले असं मनात धरून आपण तिच्याशी नीट वागू शकतो का? ग्रामसभेत तिच्या शेजारी बसू शकतो का? मनात देव जसा असतो, तसं आपलं शेजाऱ्याशी वागणं होतं. ह्यूम यांच्या हातून १८९९-१९०० च्या दुष्काळात मोठं काम झालं, सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या दुष्काळात बरीच माणसं भाकरीसाठी मिशनच्या दारात आली, बरीच मुलं तिथंच वाढली. लोक म्हणतात पोटासाठी ख्रिस्ती झाले. काही झाले असतील. पण पोटासाठी दारात आलेल्या माणसाला भाकर देणं हा गुन्हा आहे, असं मला काही म्हणता येत नाही. मदतीबरोबर धर्माची अट घालणं मात्र चूकच, कुणीही घातली तरी.

दुष्काळाचं नाव निघालं की पंडिता रमाबाई आल्याच. दौंडजवळचं केडगाव बरं का, आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुली-बायांना घेऊन आल्या. त्यांचं ते मुक्ती मिशन. हे पुष्कळ जणींनी ऐकलंय. कमी ऐकलंय ते त्यांचं धर्माबाबतचं भांडण.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. घरीच पुराणं शिकलेल्या, कलकत्त्याच्या विद्वानांनी पदवी दिलेली. १८८२ मध्ये नवरा वारला, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्या नि मनोरमा ख्रिस्ती झाल्या. इथपर्यंत मिशनरी खूश. पण रमाबाई प्रश्न विचारायला लागल्या. एक देव तीन कसा? बायबलात हे कुठं लिहिलंय? चर्चनं सांगितलं म्हणून मी का मानू? ज्या जोगिणींकडे त्या राहत होत्या त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. रमाबाईंचं म्हणणं असं की पुरोहितांचं एक जोखड मानेवरून काढून आले, ते दुसरं घ्यायला नाही. तिथं एका कॉलेजात त्यांनी शिकवायचं असं चाललं होतं. पण हिंदुस्थानातल्या बिशप लोकांनी आक्षेप घेतला की बाईनं पुरुषांना शिकवणं बरं नव्हे, तिकडे तिची किंमत कमी होईल. रमाबाई संतापल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, माझ्या देशाची संस्कृत असताना लॅटिन कशाला?

इकडे पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर टीका झाली की विधवा मुलींना बाटवतात. तिकडे इंग्लंडात ठपका आला की ही नीट ख्रिस्ती नाही. दोन्हीकडून मार. बाई आपल्या डोक्यानं देवाचा विचार करायला लागली की असंच होतं, हे काही नुसतं त्या काळचं नाही.

शेवटी त्यांनी काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. मराठी बायबल आधीही होतं, पण त्यांच्या मते ते अवघड होतं, संस्कृत शब्दांनी भरलेलं. खेड्यातल्या बाईला वाचून कळायला हवं, हा त्यांचा आग्रह. केडगावलाच छापखाना घातला आणि खिळे जुळवायचं, छपाईचं काम मुक्तीतल्या बायांनी शिकून केलं. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींनी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, भाषांतराचं काम पुरं करून. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. शास्त्र पुरुषांच्या हातात आहे अशी तक्रार करणाऱ्या खूप होत्या. या बाईनं ते स्वतःच्या हातात घेतलं आणि छापूनच टाकलं.

आता परत आपल्या रस्त्यावर येऊ. कोपरगावच्या पुढं येवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी तिथंच जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मग पुढची वीस वर्षं सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले, ख्रिस्त्यांचेही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा बारकाईनं अभ्यास केला आणि खडे बोल सुनावले. त्यांचं म्हणणं की शिकवण समतेची आहे, पण मिशनऱ्यांनी आत आलेल्या जातीला हात लावला नाही. दक्षिणेत तर देवळात बसायच्या जागा वेगळ्या. आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य स्वर्गाच्या आशेवर शांत बसतो, हक्कासाठी उठत नाही, ही त्यांची मोठी तक्रार. १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म घेतला.

ही टीका नगरच्या ख्रिस्त्यांनाही लागू होते का? आपल्याकडे देवळात वेगळी बाकं नसतील. पण लग्न जुळवताना 'मूळचे कोण' हे आडून विचारलं जातं, हे इथं ऐकणाऱ्या कुणालाही नवीन नाही. एक पेला झाला, एक सोयरीक अजून झाली नाही. दलित ख्रिस्त्यांनी याचा स्वतः विचार केला तो उशिरा. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक भाषण दिलं, तिथून दलित ईश्वरविचार सुरू झाला असं मानतात. त्याचा गाभा असा की देवाला शोधायचं तर दलितांच्या सोसण्यात शोधा. येशू स्वतः टाकलेल्यांपैकी होता, पाय धुणारा होता, गावाबाहेर मारला गेला. मी साध्या शब्दांत सांगितलं, पण गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला हे किती जवळचं वाटेल, बघा.

आणि आता तो सरकारी कागद. १९५० मध्ये राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयी आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं की हिंदू सोडून दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचं मानायचं नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, हेही सांगून ठेवते, कारण गटांत यावरून गोंधळ होतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात सवलत मिळते. पण अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या सरपंचपदाला त्या उभ्या राहू शकत नाहीत आणि अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षणही त्यांना मिळत नाही.

यातली गंमत, गंमत कसली, पेच म्हणा, तो बघा. ख्रिस्ती शिकवण म्हणते आमच्यात जात नाही. सरकार म्हणतं, बरोबर, तुमच्यात जात नाही, मग जातीची सवलत कशाला? आणि गाव काय म्हणतं? मघाशी सांगितलं ते. गावानं जुन्या जातीतून सोडलेलंच नाही. त्यामुळे एकाच वस्तीत सख्ख्या चुलत बहिणी असतात. एक बौद्ध, एक ख्रिस्ती. दोघींच्या आज्या एकाच पाणवठ्यावरून हाकलल्या गेल्या होत्या. आज एकीच्या दाखल्यावर अनुसूचित जात, दुसरीच्या दाखल्यावर नाही. म्हणून मग काही घरांत देवळात एक नाव आणि दाखल्यावर दुसरा धर्म, असं चालतं. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही आहे: आहे त्याच सवलतीत वाटेकरी वाढले, तर आमच्या लेकरांचं काय? ही भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहेत. केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढवली.

बायांच्या बाबतीतला कायदाही सांगायला हवा. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, इंग्रजांचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा टाकून देणं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललं. लग्न पवित्र आहे, मोडायचं नाही, या धर्मवचनाआड ते टिकलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही विषमता घटनेविरुद्ध ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. आता कारणं दोघांना सारखी आणि परस्परसंमतीनंही घटस्फोट मिळतो. कुणा ख्रिस्ती मैत्रिणीला अजूनही कुणी जुना कायदा सांगून घाबरवत असेल, तर हे साल तिला सांगा. देवळातही हळूहळू बदल झाला. नगरच्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. त्या चर्चमध्ये बाया पाळक होऊ शकतात. दक्षिणेच्या चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या बाई बिशप झाल्या. कॅथलिकांमध्ये बाई अजून फादर होऊ शकत नाही. सिस्टर होऊ शकते, दवाखाना चालवू शकते, शाळा चालवू शकते, वेदीवर उभी राहून मिस्सा मात्र करू शकत नाही. यावर त्यांच्याच सिस्टर लोक बोलू लागल्यात, जगभर.

कॅथलिकांचं नाव निघालं म्हणून फादर बाखर. हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. आपल्या जिल्ह्यात त्यांनी आयुष्य घालवलं. साठच्या दशकात रोममध्ये कॅथलिकांची मोठी परिषद झाली, दुसरी व्हॅटिकन परिषद. त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, होऊ लागली आणि इतर धर्मांतल्या चांगल्याचा आदर करावा असं चर्चनं लिहून दिलं. बाखर यांनी त्याचा अर्थ माती-पाण्यात लावला. नगरचं सोशल सेंटर, मग संगमनेर तालुक्यातल्या मेंढवणसारख्या गावांत पाणलोटाचं काम, मग १९९३ मध्ये वॉटर ही संस्था. चर खोदायला बाप्तिस्म्याची अट नव्हती. श्रमदानाची होती, चराईबंदीची होती आणि पाणलोट समितीत बाया असाव्यात याची होती. आपल्यातल्या काही गटांची पहिली वही त्याच कामात उघडली गेली.

आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. श्रीरामपूरच्या गाड्या भरून जातात. कोल्हारहून भगवतीला नमस्कार करून निघालेल्या बायाही त्यात असतात. मेणबत्ती लावतात, नवस बोलतात, नारळही नेतात. एखादा कडक पाळक म्हणेल हे शुद्ध ख्रिस्ती नव्हे, आणि एखादा कडक हिंदू म्हणेल हे आपलं नव्हे. त्या बाया दोघांनाही विचारायला जात नाहीत.

पुढच्या बैठकीत गटांनी एवढं करावं. आपल्या गावात ख्रिस्ती वस्ती असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचारावं की तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरायचा आणि पहिल्यांदा गावच्या विहिरीवर घागर कधी टेकवली. सालं सांगता आली नाहीत तरी चालेल. दुष्काळ, पूर, लग्नं यांवरून काळ लावता येतो. लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा.